डिकीतला जॅक आणि इटलीतला ब्रेक

पंक्चर झालेली गाडी ज्याने स्वतः उचलली आहे, त्याच्या हातांना एक गोष्ट पाठ असते. जॅक गाडीखाली नीट टेकला की पहिले काही फेरे जीव काढतात. मग गाडीचं वजन तेवढंच असूनही दांडा हलका फिरू लागतो. ही करामत जॅकच्या चार भुजांची, म्हणजे आकार बदलणाऱ्या समभुज चौकोनाची.

हाच चौकोन इटलीतल्या विचेन्झाच्या काम्पान्योलो कंपनीने १९८०च्या दशकाच्या मध्यात रेसिंग सायकलच्या ब्रेकमध्ये बसवला. ब्रेकचं नाव डेल्टा. समोरून दिसतो तो फक्त चकचकीत, त्रिकोणी धातूचा मुखवटा, ना स्प्रिंग ना केबल. दिसायला इतका देखणा ब्रेक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पण त्याची पहिली आवृत्ती बाजारातून परत घ्यावी लागली होती, आणि आजही जुन्या सायकलींचे शौकीन त्याच्यावरून दोन तट पाडून भांडतात. एक म्हणतो थांबत नाही, दुसरा म्हणतो झकास थांबतो. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

मुखवटा काढला की आत तो चौकोन उभा दिसतो. वरचं टोक पक्कं. केबल खालचं टोक वर ओढते, तशी डावी-उजवी टोकं बाहेर सरकतात. ती ब्रेकच्या दोन हातांची वरची टोकं फाकवतात, आणि खाली रबरं रिमवर आवळली जातात.

आता हिशेब. केबलने १० किलोचा ताण दिला आणि भुजा केबलच्या रेषेशी ३० अंशांत असल्या, तर घर्षण सोडून प्रत्येक बाजूला जेमतेम ५.८ किलोचा रेटा मिळतो. ४५ अंशांत बरोबर १०. चौकोन पसरून ६० अंशांवर गेला की १७.३! हात तोच, केबल तीच, जोर तिप्पट. अर्थात फुकट काही मिळत नाही: जोर जितका वाढतो तितकी रबरांची हालचाल घटते. ६० अंशांवर केबल तेवढीच ओढली, तरी रबरं ३० अंशांच्या मानाने एक तृतीयांशच सरकतात.

म्हणजे सगळा खेळ रबर रिमला टेकतं त्या क्षणी चौकोन किती पसरलाय, याचा. रिम अरुंद असेल किंवा रबर थोडं झिजलेलं असेल, तर हात जास्त मिटावे लागतात, चौकोन जास्त पसरतो आणि पकड भक्कम येते. नवं जाड रबर लावून हाच ब्रेक आजच्या रुंद रिमवर वापरला तर चौकोन अर्धवट पसरतो आणि ब्रेक बोटचेपा वाटतो. साधा कॅलिपर, म्हणजे नेहमीचा चिमट्यासारखा ब्रेक, असा लहरी नसतो. त्यात केबलचा ताण आणि रबरांचा जोर यांचं गुणोत्तर जवळपास कायम राहतं.

फरक किरकोळ नाही. ताशी ३६ किलोमीटरच्या वेगाने चाललेली सायकल गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने मंदावली तर सुमारे १० मीटरांत थांबते. पकड निम्मी झाली की २० मीटर. पुढे बस उभी असेल तर हे १० मीटर फार महाग.

म्हणून डेल्टा खरोखर वापरायचा तर आधी चाकाचा आऊट, म्हणजे डुलणं, काढायचा. रबरं रिमच्या अगदी जवळ ठेवावी लागतात. चाक जरा जरी डुललं तरी घासतं, आणि अंतर वाढवलं तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही. तीस-पस्तीस वर्षांची मूळ रबरं शोकेसमध्येच बरी: हवेतल्या ऑक्सिजनने रबर कडक होतं, मग ते रिमला धरण्याऐवजी तिच्यावरून घसरतं. आतून अस्तर असलेलं नवं केबल-कव्हर घातलं तर घर्षणात वाया जाणारा बराच जोर वाचतो, आणि बाहेरून कुणाला कळतही नाही.

शेवटी केबल बांधायची. तो स्क्रू ३.५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा (षटकोनी चावीचा) आहे. पेटीत ३ची असते, ४ची असते, ही नसते. केबल घट्ट केल्यावर शेपूट इतकं आखूड कापावं लागतं की मुखवटा त्यावर बसला पाहिजे. कापताना तारा विस्कटल्या तर नवी केबल आणा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.