द्विपंखी विमानाच्या तारा ओवताना

पहिल्या महायुद्धातल्या द्विपंखी विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल करायला घेतलेले बरेच जण पंख चिकटवेपर्यंत खुशीत असतात. मग खोक्यातला माहितीचा कागद उलगडतात, वरच्या आणि खालच्या पंखांमधलं तिरप्या तारांचं जाळं बघतात आणि मॉडेल कपाटावर ठेवून देतात. हात थरथरतो हे त्याचं खरं कारण नव्हे. कुठली तार कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे सगळं जाळं पाठ करावं लागतं. एकेका तारेचं काम कळलं की तो कागद बाजूला ठेवूनही तारा ओवता येतात.

उदाहरण म्हणून सॉपविथ डॉल्फिन हे ब्रिटिश लढाऊ विमान घेऊ. हेच विमान निवडायला कारण आहे. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे विमान चालवत. ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते होते. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पाडलं गेलं आणि जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर सोम भागातल्या हांगार्द गावी आहे. त्या युद्धातल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी इंद्रलाल रॉय यांचं नाव पुष्कळांना ठाऊक असतं, वेलिणकरांचं फारच थोड्यांना. डॉल्फिनचंही तसंच. मॉडेलवाले सॉपविथ कॅमलच्या मागे धावतात, आणि खालचा पंख वरच्याच्या पुढे असलेलं, वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं बाहेर काढणारं हे विचित्र विमान मागे राहतं.

आता तारांकडे वळू. लाकडाच्या चार पट्ट्या घ्या, चारही कोपऱ्यांत एकेक खिळा ठोका आणि चौकट उभी धरा. जरा ढकललं की ती कलंडते, चौकोनाचा तिरपा चौकोन होतो. आता समोरासमोरचे कोपरे दोन तिरप्या दोऱ्यांनी बांधा. चौकट हलत नाही. दोऱ्याला फक्त ओढ सहन होते, दाब होत नाही. म्हणून दोन दोरे लागतात, कुठल्याही बाजूने ढकललं तरी त्यातला एक ताणलेला असतोच. लोखंडी पुलांचे इंजिनिअर हे तत्त्व कधीपासून वापरत होते. पूल आणि रेल्वेमार्ग बांधणारे ऑक्टाव्ह शनूट यांनी १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठावरच्या वाळूच्या टेकड्यांवर आपलं द्विपंखी ग्लायडर उडवलं, तेव्हा पुलाची हीच बांधणी त्यांनी पंखांना लावली. राइट बंधूंनी ती त्यांच्याकडून उचलली. पुढची पंचवीसेक वर्षं जगातली बहुतेक विमानं म्हणजे कापडाने मढवलेले उडते पूलच होते. वरचा पंख, खालचा पंख आणि त्यांच्यामधले उभे खांब ही चौकट, आणि तिचे कर्ण म्हणजे तारा.

समोरून बघितलं तर तारा दोन जातीच्या दिसतात. एक तार विमानाच्या पोटाजवळून, खालच्या पंखाच्या मुळापासून निघते आणि बाहेरच्या बाजूला वर चढत खांबाच्या डोक्याशी जाते. हवेत असताना पंख वर उचलले जातात, त्यांना खाली ओढून धरायचं काम हिचं. हिला फ्लाइंग वायर म्हणतात. दुसरी उलट जाते: वर, वैमानिकासमोरच्या छोट्या खांबांच्या डोक्यापासून निघून बाहेर खाली, खांबाच्या पायाशी. विमान जमिनीवर असताना किंवा दणक्यात उतरताना पंखांचं वजन ही तोलते. ही लँडिंग वायर. हवेत पंखांवर येणारा भार विमानाच्या वजनाच्या कित्येक पट होऊ शकतो, म्हणून फ्लाइंग वायर बहुधा जोडीने लावलेली असते आणि लँडिंग वायर एकेरी. डॉल्फिनला प्रत्येक बाजूला खांबांच्या दोन रांगा आहेत, तेव्हा हीच जोडी बाहेरच्या खणात, म्हणजे खांबांच्या दोन रांगांमधल्या जागेत, पुन्हा येते. आतल्या खणातल्या तारांना बाहेरच्या खणाचाही भार पेलावा लागतो.

तिसरी जात बाजूने बघितल्यावर दिसते. पुढचा खांब आणि मागचा खांब यांच्यामध्ये तारांची फुली असते. पंखाचा कोन किती हे ती ठरवते, आणि मॉडेल करताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डॉल्फिनचे पंख मागेपुढे सरकलेले आहेत, त्यामुळे बाजूने दिसणारा चौकोन काटकोनी नाही, तिरपा आहे. तिरप्या चौकोनाचे कर्ण सारखे नसतात. नेहमीच्या विमानात वरचा पंख पुढे असतो, तिथे मागच्या खांबाच्या पायापासून पुढच्या खांबाच्या डोक्याशी जाणारी तार लांब. डॉल्फिनमध्ये नेमकं उलट. तारेचे दोन सारखे तुकडे कापून बसलात तर एक लोंबणार आणि दुसरा खांब वाकवणार.

लोंबण्यावरून आठवलं. काही मॉडेलवाले 'विमान जमिनीवर उभं आहे' असं सांगून फ्लाइंग वायर जराशी सैल सोडतात. मला हे मुळीच पटत नाही. खऱ्या विमानात सगळ्याच तारा आधीपासून ताणून बसवलेल्या असायच्या, नाहीतर उडताना आणि उतरताना पंख खडखडले असते. स्क्वाड्रनमध्ये यासाठी रिगर नावाचा वेगळा कारागीर असे. कोनमापक आणि ओळंबा घेऊन तो पंखाचा कोन जुळवायचा. एका बाजूच्या पंखाचा कोन किंचित वाढवून इंजिनाच्या पिळामुळे विमान कलंडू नये याचीही काळजी तोच घ्यायचा. सैल तार दिसली असती तर त्याने ते विमान उडूच दिलं नसतं.

ब्रिटिश आणि जर्मन विमानांच्या तारा वेगळ्या, हे मॉडेल करणाऱ्याने पक्कं ध्यानात ठेवावं. जर्मन विमानांवर गोल पोलादी दोर आणि तो ताणायला टर्नबकल, म्हणजे फिरवून दोर आवळायची आट्यांची नळी. ब्रिटिशांनी फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत चपट्या, आडव्या छेदात भिंगासारख्या दिसणाऱ्या तारा काढल्या. त्यांच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्या टोकाला डावे, त्यामुळे तारच फिरवली की ताण कमी-जास्त होतो आणि टर्नबकल लागत नाही. ही सगळी खटपट हवेचा रोध कमी करण्यासाठी. गोल तारेमागे हवा सुरळीत जुळत नाही, भोवरे सुटतात. तेवढ्याच जाडीच्या थेंबाच्या आकाराच्या दांड्याला जेवढा रोध होतो, त्याच्या दहापट तरी गोल तारेला होतो. ते भोवरे ऐकूही येतात. चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये दाखवलं की भोवरे सुटण्याची कंपनसंख्या म्हणजे वेगाला तारेच्या जाडीने भागून, त्याचा साधारण पाचवा हिस्सा. पाच मिलिमीटर जाडीची तार आणि सेकंदाला ५० मीटर वेग धरला तर सेकंदाला २००० कंपनं येतात, म्हणजे कर्कश शिट्टी. तेव्हा डॉल्फिनवर टर्नबकलचे गोळे लावायचे नाहीत. दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे त्या घासू नयेत म्हणून बसवलेला छोटा लांबट तुकडा मात्र दाखवावा.

आता मॉडेलच्या मापाचा प्रश्न. पाच मिलिमीटरची तार १/४८ मापात ०.१ मिलिमीटर होते, साधारण केसाएवढी. मॉडेल आपण अर्ध्या मीटरवरून बघतो, म्हणजे खरं विमान २४ मीटरवरून बघितल्यासारखं. तिथून त्या तारेचा डोळ्याशी होणारा कोन एका कलेपेक्षाही, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापेक्षाही, कमी असतो, आणि निरोगी डोळ्याला वेगवेगळं ओळखता येणारं अंतर साधारण एक कला एवढंच आहे. तरीही तार दिसते. दिसते, पण तिची जाडी कळत नाही, फक्त आकाशावर एक फिकट रेघ उमटते. जाडी निम्मी केली तर रेघ बारीक दिसत नाही, आणखी फिकट दिसते. याचा उपयोग करून घ्यावा. योग्य जाडीचा दोरा मिळाला नाही, हातात दुप्पट जाड दोरा आहे, तर त्याला काळा नको, करडा रंग द्या. काळ्या जाड दोऱ्याने विमान सुतळीने बांधल्यासारखं दिसतं.

दोरा कुठला, यावर मॉडेलवाल्यांचे गट आहेत. जुन्या पद्धतीत मॉडेलच्या साच्यातली उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करून झटकन ओढतात. ओढताना पॉलिस्टायरिनच्या लांब साखळ्या एका दिशेने सरळ होतात आणि थंड होताच तशाच गोठतात. ती तार बसवल्यावर पेटती उदबत्ती जवळ नेली की साखळ्या पुन्हा गुंडाळू पाहतात, तार आखडते आणि ताठ होते. डोळ्यांदेखत होणारा हा प्रकार बघायला गंमत वाटते, पण उदबत्ती जरा जास्त जवळ गेली की तार तुटलीच. मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा मजबूत खरा, पण नायलॉन हवेतली आर्द्रता शोषून किंचित लांबतो. मुंबईत किंवा कोकणात एप्रिलमध्ये ताठ बसवलेली तार जुलैत ढिली पडलेली दिसू शकते. शिवाय दोरा जास्त ओढला तर पातळ प्लॅस्टिकचा पंखच वाकतो. माझी पसंती इलॅस्टेनच्या लवचिक दोऱ्याला. चुकून बोट लागलं तरी तो परत जागेवर येतो. ताणताना त्याचं आकारमान बदलत नाही, म्हणून लांबी दुप्पट केली की जाडी सुमारे तीस टक्क्यांनी घटते. तेवढाच ताण सगळीकडे ठेवला नाही तर डावी-उजवी बाजू वेगळी दिसते.

दोऱ्याची टोकं चिकटवायला फेविक्विकच्या जातीचा सायनोॲक्रिलेट गोंद लागतो, आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच. हा गोंद हवेतल्या पाण्यामुळे घट्ट होतो. पावसाळ्यात तो झटकन बसतो खरा, पण त्याच दमट हवेत त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर बसून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पंखा लावून वाफ बाजूला न्यावी, नाहीतर थोडा धीर धरावा.

रंगाचं काम तारांच्या आधी उरकायचं, कारण नंतर ब्रश आत शिरत नाही. डॉल्फिनचे पंख लिननच्या कापडाने मढवलेले, आणि त्यावर डोप नावाचा सेल्युलोजचा लेप. डोप वाळताना कापड आखडून ढोलकीसारखं ताठ होई. या ताठपणाची किंमत कामगारांनीही मोजली: सुरुवातीच्या डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेनच्या वाफेने ब्रिटिश कारखान्यांत यकृत खराब होऊन काहींचा बळी गेला, मग तो द्रावक बदलण्यात आला. ऊन कापडातले धागे कमजोर करतं, म्हणून वरच्या बाजूला पीसी-१० नावाचं रंगीत डोप देत. त्यात लोहाच्या ऑक्साइडचा पिवळट-तांबूस रंग आणि थोडी काजळी. काजळी कमी-जास्त झाली की तोच रंग कधी हिरवट शेवाळी, कधी चॉकलेटी दिसतो, म्हणून 'खरा पीसी-१० कुठला' या वादाला अंत नाही आणि त्यात पडण्यात अर्थही नाही. खालची बाजू पारदर्शक डोपची, म्हणजे जुन्या कागदासारखी पिवळसर. काही मॉडेलमध्ये फासळ्यांमधलं कापड झोळीसारखं खोल दाखवलेलं असतं. ते बारीक सँडपेपरने कमी करावं.

'लांबून रंग फिकट दिसतो, म्हणून मॉडेलचा रंग फिकट करा' असा सल्ला नेहमी ऐकू येतो. त्यामागे धुक्याचं कारण देतात. पण २४ मीटर हवेत एवढं धुकं कुठून येणार? घरातला उजेड उन्हाच्या मानाने फारच मंद असतो, आणि मंद उजेडात रंग गडद आणि मळकट वाटतात, हे कारण मला जास्त पटतं. सल्ला मात्र बरोबर आहे, थोडा फिकट करावा.

स्क्वाड्रनची चिन्हं चिकटवण्याआधी रंगावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा. खरखरीत रंगावर स्टिकरखाली हवेचे कण अडकतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि स्टिकरभोवती चंदेरी कडा दिसते. शेवटचं अर्धचकचकीत वार्निशही तारा ओवण्याआधीच मारून घ्यावं. नंतर स्प्रे मारला तर बारीक तारेवरचं ओलं वार्निश पृष्ठताणामुळे सलग राहत नाही, त्याचे मण्यांसारखे थेंब होतात. तसं झालंच, तर ते ओले असतानाच कोरड्या मऊ ब्रशने तारेच्या दिशेने ओढून घ्यावेत. वाळल्यावर खरवडायला गेलात तर तार तुटते आणि तो खण पुन्हा ओवावा लागतो.