मुळांजवळचे उपकारक जिवाणू (गोवा)

पिकाच्या मुळांभोवती राहून त्याच्या वाढीला हातभार लावणारे जिवाणू. बाजारात यांना ‘जिवाणू खत’ म्हणतात. नाव थोडे फसवेच, कारण पुडीतून शेतात अन्नद्रव्य नव्हे तर जिवंत कामकरी जातात. मुळांतून झिरपणाऱ्या शर्करेवर ते जगतात. मुळांलगतच्या या मातीला लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले.

गोव्यात सर्वांत जुने उदाहरण अळसांद्याचे, म्हणजे चवळीच्या जातीच्या कडधान्याचे. सरदाचे (पावसाळी) भात कापल्यावर घेतलेले अळसांद्याचे रोप उपटले, की मुळांवर रायझोबियम या जिवाणूच्या गाठी दिसतात. गाठ फोडल्यावर आत गुलाबी-लाल निघाली तर ती हवेतला नत्र बांधते आहे असे समजावे.

बाकीचा प्रश्न जमिनीचा. डोंगरउताराच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत स्फुरद (फॉस्फरस) लोह व ॲल्युमिनियमशी जखडून राहतो. बॅसिलस, स्यूडोमोनास या जिवाणूंचे काही वाण सेंद्रिय आम्ले सोडून तो थोडाफार मोकळा करतात. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, अडचण मिठाची. बांध फुटला किंवा मानशीचे (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) दार निकामी झाले, की मांडवी-जुवारीचे खारे पाणी शेतात शिरते. क्षाराच्या ताणाने मुळांत इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढते आणि मुळे खुंटतात. काही जिवाणू इथिलीन ज्यापासून बनते तो एसीसी हा घटकच फोडून टाकतात, त्यामुळे मूळ वाढत राहते. मिठाची सवय नसलेला वाण इथे टिकणे कठीण. खारटपणा सोसणाऱ्या कोरगुट भाताच्याच मुळांवरून वेगळा काढलेला जिवाणू अधिक भरवशाचा. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अशा स्थानिक जिवाणूंवर काम केले आहे.

वांग्याच्या मळ्यांत उपयोग निराळा. राल्स्टोनिया या जिवाणूमुळे मर रोग येतो, हिरवे झाड उभ्याउभ्या सुकते आणि ते वाचवणारे औषध नाही. बॅसिलसने मुळांवर आधीच ठाण मांडले तर रोग कमी होतो. पुरता जात नाही.

वापर सोपा आहे. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळावे व सावलीत सुकवावे, किंवा लावणीपूर्वी रोपांची मुळे त्या पाण्यात बुडवून ठेवावीत. तांबेयुक्त बुरशीनाशक सोबत वापरू नये, जिवाणू मरतात. माध्यमावरील (भुकटीत मिसळलेल्या) जिवाणू खताच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे खत नियंत्रण आदेश सांगतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात तापलेल्या पुडीत त्या किती उरतात, हे छापील आकड्यावरून कळत नाही.