वय उलटलेला कोरा घोडा: पार्श्वभूमी

आठ-दहा वर्षांचा, पाठीवर कधी खोगीर न चढलेला घोडा प्रथमच स्वारीसाठी तयार करायचा म्हटले की 'आता याचे वय उलटले' हे ऐकावे लागतेच. हे वय नेमके कुठे उलटते याचा शोध घेतला, तर तो घोड्याच्या अंगापेक्षा घोड्यांच्या व्यापारात जास्त लागतो.

इ.स.पू. ४थ्या शतकातला एक ग्रीक ग्रंथ खरेदीचे दोन प्रकार करतो. शिंगरू घेताना शरीर पाहा, त्यातही आधी पाय, कारण पाठीवर कोणी बसलेलेच नसल्याने स्वभाव कळत नाही. शिकलेला घोडा घेताना मात्र आधी वय विचारा. दुधाचे दात संपलेल्या घोड्याकडून फारशी उमेद नाही, आणि तो पुन्हा विकणेही जड जाते. मोठा झालेला पण कोरा राहिलेला घोडा या दोन्हींत बसत नाही.

१७व्या शतकात इंग्लंडमधल्या राजाश्रयाच्या शर्यती सहा वर्षांच्या घोड्यांच्या असत: अंगावर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन, आणि चार-चार मैलांच्या फेऱ्या. लगाम त्याआधीच लागलेला असे, पण खरा कस सहाव्या वर्षी. १७७६ साली तीन वर्षांच्या घोड्यांची मोठी शर्यत सुरू झाली आणि पाठोपाठ दोन वर्षांचेही धावू लागले. हाडे काही लवकर पिकू लागली नव्हती. चारा-दाण्यात गुंतलेला पैसा लवकर सुटत होता, एवढेच. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते हे पुढे कळले. बेताच्या व्यायामाने कोवळी हाडे बळकट होतात, असे लवकर सुरुवात करणारी दुसरी बाजू म्हणते. त्यातही तथ्य आहे.

खरा गुंता 'एज्ड' या शब्दाचा. इंग्रजी घोडेबाजारात सात-आठ वर्षांपुढच्या घोड्यावर हा शेरा पडे, आणि आज तो वाचणारा सरळ 'म्हातारा' असे समजतो. अर्थ तसा नव्हता. घोड्याचे पुढचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडी-जोडीने येतात. पाचव्या वर्षी तोंड भरते. मग खालच्या दातांवरचे खड्डे मधल्या जोडीपासून कडेकडे, सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान झिजून जातात. (कडेच्या दातांत खोटे खड्डे कोरून त्यांना डाग देण्याचा एक धंदाच यावर चाले.) आठनंतर दात नेमके काही सांगत नाहीत. 'एज्ड' म्हणजे 'वय आता वाचता येत नाही'. ही पाहणाऱ्याची अडचण होती. ती घोड्याच्या माथी मारली गेली. वरच्या कडेच्या दातावर दहाच्या सुमारास उमटणारी आणि विसाव्या वर्षापर्यंत खाली उतरणारी खाच १९व्या शतकाच्या अखेरीस लोकांपुढे आणली, तीही घोडे वठणीवर आणणाऱ्या एका माणसानेच. तिचाही भरवसा पुढे बराच कमी झाला.

शिकवण्याच्या रीतीत त्या मानाने संथ बदल झाला. आपल्याकडे या कामाच्या माणसाला 'चाबूकस्वार' म्हणत. नावातच साधन आले. १८५८ साली लंडनमध्ये एका अमेरिकनाने पुढचा पाय पट्ट्याने बांधून बिथरलेले, वयात आलेले घोडे शांत करून दाखवले आणि त्याची मोठी वाहवा झाली. २०व्या शतकाच्या अखेरीस घोडा मोकळा सोडून शिकवायचे गोल कुंपण आले, दाब देणे आणि अचूक क्षणी तो सोडणे आले. मोठ्या घोड्याला त्याचाच जास्त लाभ झाला. तो शिकतो शिंगराइतकेच. फरक इतकाच की आजवर जे शिकला ते पक्के झालेले असते, आणि ताकदीने त्याला कोणी रोखू शकत नाही. लगामाआधी दात, खोगिराआधी पाठ तपासणे त्याच्या बाबतीत टाळता येत नाही.

प्रश्न पुन्हा पेटला तो अमेरिकेत. १९७१च्या कायद्याने तिथल्या मोकाट घोड्यांना संरक्षण दिले. पकडलेले घोडे दत्तक देण्याची पद्धत त्यातूनच आली. २००४च्या दुरुस्तीने दहा वर्षांवरचा, किंवा दत्तकासाठी तीनदा पुढे करूनही कोणी न नेलेला घोडा विकायला काढण्याची तरतूद केली. विकला म्हणजे कत्तलीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून गदारोळ झाला आणि पुढे सरकारी निधीला अटी घालून ती वाट अडवण्यात आली. दहाचीच रेघ का, हा प्रश्न मात्र तसाच मागे पडला. या घोड्यांच्या मानेवर गोठवून उमटवलेल्या खुणेत जन्मसालही असते. जन्म कोणी पाहिलेला नसतो. ते साल पकडल्यावर दात बघून ठरवलेले असते.