डबल बेल मिळाली तरच गाडी पुढे

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास घेऊन उभं राहायचं म्हटलं, की आसपास शेण आलंच. त्या शेणात ई. कोलाय नावाचे जिवाणू असतात आणि त्यांच्याकडे एक असं अमिनो आम्ल (प्रथिनाची वीट) आहे, जे आमच्या शाळेतल्या वीसांच्या यादीत नव्हतं. सेलेनोसिस्टीन, एकविसावं. सांगाडा सिस्टीनचाच, फक्त गंधकाच्या जागी सेलेनियम.

खरी गंमत त्याच्या लिपीत आहे. प्रथिन बांधताना पेशी आरएनएवरची तीन-तीन अक्षरं वाचत जाते. ‘यूजीए’ आलं की काम थांबतं. एसटीतली सिंगल बेलच म्हणा. पण १९८६ मध्ये म्युनिकच्या ऑगस्ट ब्योक यांच्या गटाला ई. कोलायच्या एका जनुकात हेच यूजीए मध्येच सापडलं. आणि प्रथिन तर शेवटपर्यंत बनत होतं!

होतं असं, की यूजीएला लागूनच पुढे आरएनए स्वतःवर दुमडतो आणि त्याचा केसातल्या आकड्यासारखा आकार होतो. सेल-बी नावाचं प्रथिन त्या आकड्याला धरतं, आणि सोबत सेलेनोसिस्टीन लादलेला टीआरएनए, म्हणजे अमिनो आम्लं वाहून आणणारा हमाल, घेऊन येतं. ही झाली डबल बेल. आकडा मोडला, की गाडी यूजीएपाशीच उभी. तो मालही आयता मिळत नाही: टीआरएनएवर आधी सेरीन हे साधं अमिनो आम्ल चढतं, मग सेल-ए नावाचं विकर त्याचं जागेवरच सेलेनोसिस्टीनमध्ये रूपांतर करतं. त्यासाठी लागणारं सेलेनियम सेल-डी तयार ठेवतं.

एवढा खटाटोप कशाला? तर ई. कोलायमध्ये अशी प्रथिनं जेमतेम तीन, तिन्ही फॉर्मिक आम्ल फोडणारी. तिघांसाठी चार जनुकांचं बिऱ्हाड, तीन ‘सेल’ आणि चौथा तो टीआरएनए! पण हवा नसलेल्या आतड्यात फॉर्मिक आम्ल मोडणाऱ्या विकरात सेलेनियमऐवजी गंधक बसवलं, तर काम चालतं खरं, वेग मात्र शंभरपटीहून जास्त घसरतो.

ही यंत्रणा जिवाणू, आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) आणि आपल्यासारखे सजीव अशा तिन्ही शाखांत सापडते, म्हणजे फार जुनी असणार. तरी जिवाणूंपैकी साधारण पाचव्या हिश्श्याकडेच ती उरली आहे. सेलेनियम दुर्मीळ, सांभाळणं महाग. म्हणून अनेकांनी गंधकावर भागवलं. काहींनी ही जनुकं शेजारच्या जिवाणूंकडून उचललेलीही दिसतात.

जमिनीवरच्या वनस्पतींनी तर तिला केव्हाच रजा दिली. कट्ट्यावरच्या म्हशीत ती आहे, तिच्या शेणातल्या ई. कोलायमध्ये आहे, तिच्या पुढ्यात टाकलेल्या उसाच्या वाड्यात नाही.