नंबरप्लेटची फ्रेम आणि कव्हर

नंबरप्लेटची फ्रेम म्हणजे प्लेटभोवती बसवलेली प्लॅस्टिकची नाहीतर क्रोमची चौकट, आणि कव्हर म्हणजे प्लेटवरून स्क्रू मारून लावलेलं पारदर्शक किंवा धुरकट ॲक्रेलिक. दोन्ही गोष्टी शोभेच्या, गाडीचं त्यांच्यावाचून काही अडत नाही. सातारा-सांगलीकडं नवीन कार शोरूममधनं बाहेर पडते तेव्हाच बहुतेक वेळा फ्रेम बसलेली असते आणि खालच्या पट्टीवर डीलरचं नाव असतं, म्हणजे पैसे आपण मोजायचे, हप्ते आपण भरायचे आणि जाहिरात त्याची फिरवायची. अशा फ्रेमा आणि कव्हरांवर बऱ्याच देशांत कायदे आहेत. आपल्याकडचा कायदा मात्र फ्रेम कशी असावी हे सांगत बसण्यापेक्षा प्लेट कशी दिसली पाहिजे हे मिलिमीटरमध्ये सांगतो, बाकीचं मग ओघानं येतं.

नंबर कुणाचा

वादाचं मूळ इथंच आहे. गाडी माझी, मग प्लेट पण माझी, तिला मी सजवेन नाहीतर झाकेन, असा सरळ हिशोब लोक करतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ मध्ये मात्र नोंदणी करणारा अधिकारी गाडीला ओळखचिन्ह देतो आणि ते गाडीवर दिसेल असं लावायचं असतं, म्हणजे नंबर हा सरकारचा शिक्का आहे, तो आपल्या गाडीवर फक्त मुक्कामाला असतो.

आता हे साताऱ्यात कुणाला पटवून सांगणार? एमएच ११ म्हणजे सातारा, एमएच १० म्हणजे सांगली, कराडचं एमएच ५० वेगळं, कोल्हापूरचं एमएच ०९, आणि हे आकडे इकडं आडनावासारखे वापरले जातात. पुण्यात सिग्नलला शेजारी एमएच ११ पासिंगची गाडी दिसली की काच खाली करून "कुठलं गाव?" विचारणारे लोक आहेत, मी पण विचारलंय, एकदा तर समोरचा निघाला आमच्याच शेजारच्या गावचा. मग ज्या पाटीवर आपलं गाव लिहिलंय तिला राजमुद्रेची फ्रेम लावावी, वर "जय शिवराय" लिहावं, बाजूला "आई" लिहावं असं वाटणारच, त्यात वाईट हेतू शंभरातल्या एखाद्याचा असेल, बाकीची हौस असते. कायद्याला हौस आणि लबाडी यातला फरक लांबून दिसत नाही, एवढीच अडचण.

नियम काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले ५० आणि ५१ हे दोन नियम नंबरप्लेटचे. अक्षरं इंग्रजी आणि आकडे पण इंग्रजी हवेत असं त्यात स्पष्ट आहे. कारसाठी अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांतली मोकळी जागा पण १०. मोटारसायकलला पुढं ३० मिलिमीटर, मागं अक्षरं ३५ आणि आकडे ४०. कारची प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर नाहीतर ३४० बाय २००, दुचाकीची मागची २०० बाय १००. खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळं, इलेक्ट्रिकला हिरवी पाटी. तिरकी अक्षरं, वळणदार अक्षरं, फुगीर थ्रीडी अक्षरं यातल्या कशालाच या मापात जागा नाही.

मराठी आकड्यांचा विषय निघाला की आपल्याकडं आवाज चढतो आणि मला त्या चढलेल्या आवाजाबद्दल आदर आहे, आपल्या राज्यात आपल्या लिपीत नंबर लिहिला तर दंड का, हा प्रश्न काही खुळा नाही. पण गाडी बेळगावात जाते, हैदराबादला जाते, तिथल्या माणसाला अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर एका नजरेत टिपता आला पाहिजे, आणि रस्त्यावरचे कॅमेरे पण इंग्रजी आकडेच वाचायला शिकवलेले असतात. नियम त्या बाजूनं झुकलेला आहे आणि आजतरी तोच लागू आहे.

आकड्यांची अक्षरं

फ्रेम यायच्या कितीतरी आधी आपल्याकडं खरी कलाकारी आकड्यांतच व्हायची. ८०५५ नंबर घ्यायचा, इंग्रजी आठाचा बी करायचा, शून्याचा ओ, पाचाचे दोन एस, झाला "बॉस". २१४ मिळाला तर इंग्रजी दोनाचा र, एकाचा काना आणि चाराचा म वळवून "राम" लिहायचा. ४१४१ म्हणजे "दादा", हा तर गल्लीगल्लीत सापडतो. हे जमवणारा माणूस म्हणजे रेडियमवाला. साताऱ्यात पोवई नाक्याकडं, सांगलीत गॅरेज लायनीला अशी दुकानं बघायला मजा येते. काळ्या रेडियमचा ताव मशीनमधनं कापून निघतो, पोरगं सुईच्या टोकानं अक्षराच्या पोटातला नको तेवढा तुकडा उचलतं, पाटीवर साबणाचं पाणी मारतं, अक्षर सरकवून सरकवून जागेवर आणतं आणि जुन्या एटीएम कार्डानं आतलं पाणी दाबून काढतं. चाराला जरासं वाकडं करून त्याचा द कसा करायचा हे त्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. बेकायदेशीर आहे, पण हात सुंदर चालतो, ते नाकारता येत नाही.

यातली गंमत अशी की नंबर आवडीचा घ्यायला कायद्याची कसलीच ना नाही, उलट आरटीओ त्याचे रीतसर पैसे घेतं. २०२४ च्या ऑगस्टात महाराष्ट्रानं हे दर वाढवले तेव्हा चारचाकीच्या ०००१ ला बहुतेक जिल्ह्यांत ५ लाख झाले. म्हणजे ८०५५ घ्या, खुशाल घ्या, फक्त तो आठ हजार पंचावन्नच दिसला पाहिजे.

एचएसआरपी आल्यावर

हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, लोकांच्या तोंडी एचएसआरपी, हिनं रेडियमवाल्याचं काम बरंच काढून घेतलं. ही कल्पना २००१ मध्येच नियमात आली, मग प्रकरण कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये योजना उचलून धरली, तरी राज्यांनी पाय ओढले आणि २०११-१२ च्या सुमारास कोर्टाला परत कान पिळावे लागले. देशभर नवीन गाड्यांना कंपनीकडूनच ही प्लेट यायला लागली ती १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, मग ती एप्रिल, जून, ऑगस्ट अशी सरकत राहिली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५०० आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी. त्या वर्षी आमच्याकडं जत्रेपेक्षा जास्त चर्चा प्लेट बसवायच्या अपॉइंटमेंटची होती.

प्लेट ॲल्युमिनियमची, एक मिलिमीटर जाडीची. डाव्या कोपऱ्यात वर निळ्या अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम, त्याच्याखाली निळ्यात आयएनडी अशी अक्षरं, आणि डावीकडंच तळाला लेझरनं कोरलेला बारीक कोड. अक्षरांवर तिरप्या ओळीत बारीक इंडिया छापलेलं असतं, ऊन तिरकं पडलं की चमकतं. बसवायला स्नॅप लॉक, जे एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. शिवाय कारच्या पुढच्या काचेवर आतून स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी.

आता ही प्लेट डोळ्यापुढं आणा आणि तिच्यावर बाजारातली जाड क्रोमची फ्रेम ठेवा. फ्रेमची कड आत किती येते? बोटाच्या पेरापेक्षा कमी. पण नेमकी डावी कड होलोग्रामच्या एका बाजूवर चढते आणि खालची कड लेझर कोडावर बसते, म्हणजे प्लेट खरी का खोटी हे ज्या दोन खुणांवरून ओळखायचं त्याच झाकल्या जातात आणि नंबर मात्र झकास दिसत राहतो. म्हणून "नंबर तर दिसतोय की साहेब" हा बचाव अर्धाच खरा असतो. बारीक काळी, कडेला चिकटून बसणारी, काहीच न झाकणारी फ्रेम असेल तर सहसा कुणी अडवत नाही, मुद्दा नेहमी काय झाकलं जातंय हाच असतो.

कव्हरचं प्रकरण त्याहून वाईट, असं माझं मत. प्लेटवरचा पांढरा पडदा उजेड आला तसा परत फेकतो, रात्री हेडलाइटमध्ये नंबर उठून दिसतो तो त्यामुळंच, कॅमेरा पण त्याच्याच जोरावर वाचतो. मध्ये प्लॅस्टिक आलं की उजेड पसरतो, धुरकट असेल तर अडतो. लबाडी करणारे मुद्दाम काळपट कव्हर लावतात, ई-चलनाच्या कॅमेऱ्याला चुकवायला. हौसेनं लावणाऱ्यांची गत निराळीच होते. पावसाळ्यात दोन-चार वेळा महाबळेश्वर-पाचगणी करून आलं की धुक्यातली वाफ आणि तांबडा चिखल कव्हरच्या आत शिरतो आणि तिथंच राहतो, आणि दोन उन्हाळे गेले की प्लॅस्टिक असं पिवळं पडतं की खाजगी गाडी लांबून टॅक्सी वाटायला लागते. मी हे स्वतः भोगलंय, कव्हर काढायला गेलो तर स्क्रू गंजलेले, शेवटी पकडीनं तोडले.

दंड

नंबरप्लेट नियमाप्रमाणे नसेल तर सहसा कलम १७७ लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, परत सापडलात तर १५०० पर्यंत. नोंदणीच नसलेली गाडी फिरवली तर कलम १९२, तिथं पहिल्याच वेळी ५००० पर्यंत. दुसऱ्याच गाडीचा नंबर लावून फिरणं हा तर सरळ फसवणुकीचा मामला, तिथं चलनावर भागत नाही. फ्रेम-कव्हरवाल्याला प्रत्यक्षात बऱ्याचदा नाक्यावर "दादा, गाडी बाजूला घ्या" एवढं ऐकून, जागेवरच कव्हर काढून मोकळं होता येतं, पण मशीनमध्ये चलन एकदा उतरलं की उतरलं. माझ्या डोक्यात एक कायमची तक्रार आहे, फ्रेम बसवून देतो डीलर, तिच्यावर नाव त्याचं, आणि पावती फाटते मालकाच्या नावानं. मला फ्रेम नको म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस "अहो फ्री आहे, राहू द्या की" म्हणाला होता.

बाहेरच्या देशांत

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. तिकडच्या प्लेटवर राज्याचं नाव असतं, बऱ्याच राज्यांत नोंदणीच्या मुदतीचा छोटा स्टिकर असतो, आणि डीलरच्या नाहीतर कॉलेजच्या नावाची फ्रेम लावायची जुनी हौस आहे, तेव्हा भांडण आपल्यासारखंच, फ्रेमनं नाव झाकलं का, स्टिकर झाकला का. फ्लोरिडानं १ ऑक्टोबर २०२५ पासून कायदा कडक केला, प्लेट मुद्दाम झाकली तर ५०० डॉलरपर्यंत दंड आणि ६० दिवसांपर्यंत कैद. मग साध्या फ्रेमवाल्यांत घबराट झाली आणि नंबर व स्टिकर नीट दिसत असेल तर फ्रेम चालेल असा खुलासा तिथल्या वाहन खात्याला करावा लागला. जपानी माणसानं मात्र फूटपट्टीच काढली. तिथं २०१६ च्या एप्रिलपासून कव्हर बंद, पारदर्शक असलं तरी बंद, आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून नवीन गाड्यांच्या फ्रेमची वरची पट्टी १० मिलिमीटर, बाजूच्या १८.५ आणि खालची १३.५ यापेक्षा रुंद चालत नाही. आपल्याकडं असं एक वाक्य नियमात असतं तर नाक्यावरची निम्मी हुज्जत वाचली असती.

झाकणं फक्त प्लॅस्टिकनंच होतं असं पण नाही. हंगामात कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या बघा, मागची पाटी एकतर चिखलानं लिंपलेली नाहीतर वाड्याखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, लोंबकळणाऱ्या उसांनी झाकलेली, आणि रात्री तिथं दिवा असलाच तर नशीब. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०५ प्रमाणं मागच्या नंबरवर पांढरा उजेड पडला पाहिजे आणि तो १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. कारच्या प्लेटवरचा तो बारका बल्ब गेलाय हे मालकाला वर्ष-वर्ष कळत नाही, आणि जाड फ्रेमची वरची कड त्याच बल्बच्या आड येऊन पहिल्या ओळीवर सावली पाडते.

पंधरा मीटर म्हणजे मोठी वीसएक पावलं. आम्ही एकदा रात्री शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत गाडी चालू ठेवून आबांना वीस पावलं मागं उभं केलं आणि म्हटलं, वाचा. आबांनी आधी डीलरचं नाव वाचलं, मग त्याचं गाव वाचलं, आणि नंबरापाशी आल्यावर चष्मा वरखाली करत म्हणाले, "शेवटचा तीन आहे का आठ आहे रं?" फ्रेम दुसऱ्या दिवशी सकाळी काढली.