शरदातील पक्षीफेरी : सातारा–सांगली

शरदातील पक्षीफेरी म्हणजे पावसाळा ओसरताना उत्तरेकडून येणाऱ्या लहान गायक पक्ष्यांना पाहण्यासाठी, आणि त्याहून अधिक ऐकण्यासाठी, जाणकार माणसाबरोबर पहाटे काढलेली पायी फेरी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तिचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर उत्तरा नक्षत्र लागल्यापासून स्वाती सरल्यावरही काही आठवडे. ‘पक्षीनिरीक्षण सहल’ असा शब्दही वापरात आहे, पण सहल म्हटले की येणारी घाई आणि गलका इथे चालत नाही. म्हणून ‘फेरी’ हाच शब्द जास्त बरोबर आहे.

गायक पक्षी म्हणजे पॅसेरिफॉर्मिस गणातील मोठा गट. जगातील पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती या एकाच गणात येतात. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे या पक्ष्यांचे स्वरयंत्र असते. त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येत असल्याने त्यांचा आवाज इतका गुंतागुंतीचा होतो. धोबी, वटवटे, माशीमार, गप्पीदास, तिरचिमण्या, भारीट, खाटीक, भिंगऱ्या आणि भोरड्या ही आपल्याकडे हिवाळी पाहुणे म्हणून येणारी यांतली मुख्य मंडळी.

या फेरीची खरी अडचण अशी की हे गायक इथे येतात तेव्हा गात नसतात. गाणे हे घरट्याच्या जागेवर हक्क सांगण्यासाठी आणि जोडीदारासाठी असते, आणि तो काळ त्यांनी उत्तरेत घालवलेला असतो. इथे उरते ते फक्त एका-दोन अक्षरांचे बोलणे. रंगही उतरलेले असतात. अनेक नर मादीसारखे दिसतात, आणि आलेल्यांत त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले पुष्कळ असतात. शिवाय पावसाने झाडे गच्च भरलेली असतात. फेब्रुवारीत निष्पर्ण सावरीवर बसलेला पक्षी कोणालाही दिसतो, पण सप्टेंबरात जांभळीच्या पानांआड फिरणारा दहा ग्रॅमांचा हिरवट जीव नवख्याला दिसतच नाही. त्यामुळे वर्षातल्या इतर फेऱ्या मार्गदर्शकाशिवाय पार पडू शकतात, शरदातली मात्र नाही.

मार्गदर्शक शिकवतो तो आधी कान. ओढ्याच्या पुलावर थांबलो की ‘चिट्‌चिट्’ असा तुटक, धातूसारखा आवाज खालून येतो. तो करडा धोबी. सह्याद्रीच्या ओढ्यांवर तो ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच हजर होतो, आणि हंगाम सुरू झाल्याची वर्दी बहुधा त्याच्याकडूनच मिळते. करवंदीच्या जाळीतून कोणी दोन बोटांनी चुटकी वाजवल्यासारखे ‘चक्… चक्’ येत राहिले, तर आत ब्लिथचा बोरू वटवट्या आहे. उंच झाडाच्या शेंड्यावरून ‘चि-विस’ अशी दोन सुरांची हाक आली की हिरवट वटवट्या. लाल कंठाच्या माशीमाराची ‘टर्रर्र’ अशी बारीक खुळखुळ एकदा ओळखीची झाली की आंब्याच्या बागांतून तो सगळीकडे ऐकू येऊ लागतो. या माशीमाराचा नारिंगी कंठ फक्त प्रौढ नराला असतो. मादी आणि पिल्ले ओळखायची ती वर उडवलेल्या काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन बाजूंना असलेल्या पांढऱ्या खुणांवरून.

कानानंतर येते ती चाल आणि ठेवण. इथे मराठी नावांचा मोठा आधार आहे, कारण ती रंगापेक्षा वागण्यावरून पडली आहेत. पाण्याकाठी सतत शेपटी आपटणारा तो धोबी, कुठे कुठे परीट. शेपटी थरथरवत बसणारा तो थिरथिरा, ऑक्टोबरात गावातल्या पडक्या भिंतींवर आणि गोठ्यांच्या आसपास येणारा. झुडपात बसून वटवट करणारा वटवट्या आणि पकडलेला टोळ बाभळीच्या काट्याला टोचून ठेवणारा खाटीक. नावे गावागणिक बदलतात, आणि चांगला मार्गदर्शक छापील नाव सांगण्याआधी बरोबरच्या गावकऱ्याला त्याचे नाव विचारतो. या नोंदीत दिलेली नावे प्रचलित आहेत, एकमेव नाहीत.

वाट. यांपैकी काही पक्षी हिमालयातून येतात. निळ्या टोपीचा कस्तुर तिथे घरटे करतो आणि हिवाळा पश्चिम घाटात काढतो. नीलांग हा निळाशार माशीमारही तिकडचाच. बाकीच्यांचा प्रवास फार लांबचा आहे. ब्लिथचा बोरू वटवट्या फिनलंड आणि बाल्टिक देशांपासून रशिया-सायबेरियापर्यंत वीण करतो. फिनलंडहून सातारा गाठायचा तर सरळ रेषेतही पाच-सहा हजार किलोमीटर होतात, आणि पक्ष्याचे वजन दहा-बारा ग्रॅम. काळ्या डोक्याचा भारीट बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान आणि इराणकडून येतो. युरोपातले बहुतेक स्थलांतरी पक्षी दक्षिणेला आफ्रिकेकडे वळतात. हा भारीट, बोरू वटवट्या आणि लाल कंठाचा माशीमार मात्र पूर्वेची वाट धरून भारतात येतात. भारत ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहे तो सुमारे ३० देशांवरून जातो.

लहान गायक पक्षी बहुतेक रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. दिशा त्यांना तारे, मावळत्या सूर्याचा उजेड आणि पृथ्वीचे चुंबकक्षेत्र यांवरून कळते. निघण्यापूर्वी ते अंगावर चरबी साठवतात, काही जातींत वजन जवळपास दुप्पट होते. पहिल्यांदाच निघालेली पिल्ले अनेकदा आईबापांशिवाय उपजत दिशेने येतात. फेरी पहाटेची असते ती याच कारणाने. रात्रभर उडून उतरलेला पक्षी सूर्योदयानंतरचे दोन तास अधाशासारखा खातो, हालतो, बोलतो. नऊनंतर ऑक्टोबरच्या उन्हात तो सावलीला गप्प बसतो, आणि मग कितीही चांगली दुर्बीण असली तरी उपयोग नाही.

जागा. या दोन जिल्ह्यांचे भाग्य असे की पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत भागात पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर सरळ रेषेत शंभर ते दोनशे किलोमीटरांचे. त्यामुळे सदाहरित रान, नदीकाठ आणि उघडा माळ असे तीन वेगळे पक्षीसमाज एका शनिवार-रविवारात पाहता येतात.

साताऱ्यात सुरुवात अजिंक्यताऱ्याच्या वाटेने किंवा यवतेश्वराच्या घाटाने होते. पुढे साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर कास. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर सप्टेंबरात फुलांसाठी गर्दी लोटते, आणि त्याच आठवड्यांत तलावाच्या बाजूच्या झाडीत वटवटे आणि माशीमार उतरत असतात. ज्यांना पक्षी पाहायचे आहेत त्यांनी फुलांच्या रांगा लागण्यापूर्वी झाडीच्या कडेला उभे राहावे. इथे चालण्यापेक्षा थांबणे फळते. कोतवाल, बुलबुल, सुभग, वटवटे असे दहा-बारा जातींचे मिश्र थवे रानातून एकत्र चरत सरकतात. थवा नसताना रान रिकामे वाटते आणि तो आला की पाच मिनिटांत कुठे पाहावे कळत नाही. कोयना अभयारण्याच्या कडेने आणि चांदोलीच्या बाजूलाही हेच चित्र दिसते. मात्र ही दोन्ही क्षेत्रे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, त्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय आत फेरी नाही.

सांगलीत कृष्णाकाठ, आमराई आणि कृष्णा-वारणेचा हरिपूरचा संगम या सोप्या जागा आहेत. लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचे तर इथेच न्यावे. नदीकाठच्या गवतात पिवळे धोबी असतात, चिखलाच्या कडेला उसातून बाहेर येऊन टुणटुणणारा शंकर, ज्याला निळकंठीही म्हणतात. विजेच्या तारांवर भिंगऱ्या ओळीने बसतात आणि संध्याकाळी उसाच्या फडात किंवा लव्हाळ्यात रात्रीसाठी उतरतात. देवराष्ट्रे गावाजवळचे सागरेश्वर अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचे आहे. उघड्या डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेले हे रान वृक्षमित्र धो. म. मोहिते यांच्या कष्टांशी जोडलेले आहे. लावलेल्या रानात परदेशी वटवट्या उतरलेला पाहताना त्या कष्टांची किंमत कळते. मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातली मायणी (२०२१ पासून संवर्धन राखीव क्षेत्र) आणि येरळवाडी ही आणखी काही ठिकाणे. शेवटची दोन पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत, पण तलावांच्या काठच्या बाभळी गायक पक्ष्यांनाही सोयीच्या असतात.

माळ मात्र घटतो आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी गावांत पोहोचले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्याबरोबर पडीक माळ शेताखाली आला. उसाचा आडोसा मागणाऱ्या पक्ष्याचे त्यात भागते, उघडी जमीन लागणाऱ्या रणगप्पीदासाला आणि तिरचिमणीला दुसरी जागा शोधावी लागते. फेरीत केलेल्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या तरच हा फरक कागदावर दिसेल.

भोरड्या. या हंगामाचा एकच पक्षी असा आहे की ज्याला ओळखायला शेतकऱ्याला मार्गदर्शक लागत नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्या-पंखांची भोरडी, म्हणजेच पळसमैना, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात टोळांच्या मागे राहून वीण करते आणि तिथून लवकर निघते. तिचे पहिले थवे पावसाळा संपण्यापूर्वीच दिसतात. माण-खटाव आणि जतकडे बाजरीची कणसे भरलेली असतात, पुढे शाळू येतो. ‘पाखरं राखायला’ पहाटे माळ्यावर चढणाऱ्यांच्या हातातली गोफण आणि पत्र्याचा डबा यांचे पहिले लक्ष्य भोरडीच असते. हे नुकसान खरे आहे, पीक राखणाऱ्यासमोर ते नाकारणारा मार्गदर्शक विश्वास गमावतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हीच भोरडी टोळ आणि नाकतोड्यांचा फडशा पाडते. चीनच्या शिनच्यांग प्रांतात टोळ आवरण्यासाठी तिला दगडांची घरटी रचून दिली आहेत. संध्याकाळी हजारोंचा थवा बाभळवनावर वळताना धुरासारखा आकार बदलतो. ते पाहायला फेरी मुद्दाम उलट्या वेळी, सूर्यास्ताला काढावी.

रीत. एका मार्गदर्शकामागे दहा-बारापेक्षा जास्त माणसे नकोत. रानाच्या रंगात मिसळणारे कपडे, पायात बूट, आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आणि एक वही, एवढे पुरते. बोलणे कुजबुजत, बोट दाखवणे सावकाश. ‘ते बघा’ म्हणण्यापेक्षा ‘वाकडी बाभळ, डावी फांदी, टोकाकडून हातभर आत’ असे सांगायची सवय लावतात. परतल्यावर सावलीत बसून यादी वाचली जाते. पाहिलेले आणि फक्त ऐकलेले वेगळे लिहितात, शंका असेल तर जातीऐवजी नुसते ‘वटवट्या’ लिहितात. हा प्रामाणिकपणा यादीच्या लांबीपेक्षा मोलाचा आहे. नोंदी नंतर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या की त्या संशोधकांच्या कामी येतात. आवाज ओळखणारी मोबाइल अ‍ॅप्स मदतीला असतात, पण शरदातल्या एकाक्षरी हाकांत ती चुकतात, म्हणून अ‍ॅपने सुचवलेले नाव डोळ्यांनी पटल्याशिवाय लिहू नये.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणे हा मात्र अपराध मानावा. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव खाणे सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधतो, ते फक्त एका छायाचित्रासाठी. मार्गदर्शकाने तिथे स्पष्ट नाही म्हणायला हवे, समोर कोणीही असो.

याच दिवसांत पावसाळ्यात वीण करून दक्षिणेकडे परतणारा नवरंग पक्षी दमून अंगणात, जिन्यात, कधी थेट खोलीत सापडतो. काचेवर आपटलेलाही असतो. त्याला हाताळत बसू नये, पाणी चोचीत ओतू नये. भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात आणि शांत जागी ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बहुतेक वेळा त्याला हवी असते ती फक्त विश्रांती.

पक्षी सप्ताह. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर १८९६ चा, या दोन तारखांमधला हा आठवडा. शाळा, महाविद्यालये, वनविभाग आणि निसर्गमंडळे यांच्या बऱ्याच फेऱ्या या आठवड्यात निघतात. नवख्यांसाठी तो चांगला, कारण धुके पडू लागलेले असते, गवत पिवळे झालेले असते आणि पक्षी स्थिरावलेले असतात. मात्र वाटेवरचा, एक-दोन दिवसच थांबून पुढे जाणारा पक्षी तोवर निघून गेलेला असतो. त्याला गाठायचे तर हादग्याच्या दिवसांत, हस्ताच्या सरी अजून पडत असताना बाहेर पडावे लागते. पाऊस रात्री येऊन पहाटे उघडला तर ती सकाळ चुकवू नये, पावसाने खाली उतरवलेले पक्षी तेव्हा झुडपाझुडपांत असतात.

सर्वांत शेवटी भारीट येतात. काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे थवे नोव्हेंबरात शाळूच्या शेतांवर उतरू लागले, आणि बांधावरची बोर पिवळ्या पाखरांनी भरलेली दिसली, की गायक पक्ष्यांची आवक संपली असे समजतात. तिथून पुढे फेऱ्यांची दिशा मायणी-येरळवाडीच्या पाण्याकडे वळते.