ए अँड पी आणि आयए: सही कोणाची, हात कोणाचा

अमेरिकेत सेस्ना किंवा पायपर कंपनीचं जुनं छोटं विमान घेतलेले आपले लोक मेकॅनिक शोधताना हमखास म्हणतात, "नुसता ए अँड पी नको, चांगला आयए सांगा." त्यातला तो "नुसता" मला फार खटकतो.

ए अँड पी म्हणजे काय ते आधी. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लँट (इंजिन), एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, मेकॅनिकचं सर्टिफिकेट. भारतातल्या सवयीने त्याला एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) मात्र म्हणू नका. इथे एएमई म्हणजे वैमानिकांची तब्येत तपासणारा डॉक्टर.

आयए, म्हणजे इन्स्पेक्शन ऑथोरायझेशन, हा त्याच ए अँड पीला मिळालेला तपासणीचा जादा अधिकार. सर्टिफिकेट मिळून ३ वर्षं झालेली हवीत, त्यातली शेवटची २ प्रत्यक्ष कामाची, आणि वर एक लेखी परीक्षा. ती नियमांची परीक्षा आहे, पाना धरणाऱ्या हाताची नाही. मुख्य अधिकार दोनच: वार्षिक तपासणी, म्हणजे अ‍ॅन्युअल, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर ३३७ फॉर्मवर मान्यतेची सही. ब्रेक, टायर, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं टायमिंग, सिलिंडर बदलणं हे सगळं ए अँड पी स्वतःच्या सहीने करतो. १०० तासांची तपासणीसुद्धा.

खरी गफलत पुढेच आहे. तपासणी वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. बहुतेक मालक दोन्हींना मिळून "अ‍ॅन्युअल" म्हणतात आणि आयएने काढलेली सगळी कामं त्याच्याकडेच करून घ्यावी लागतात असं धरून चालतात. तसं नाही. विमान उडण्यायोग्य नाही असं आयएला वाटलं, तर त्याने तशी नोंद लॉगबुकात करायची आणि मालकाला सही-तारखेसह दोषांची यादी द्यायची. नियम ४३.११ तेच सांगतो. तिथे अ‍ॅन्युअल संपली. यादीतली कामं दुसरा कोणताही ए अँड पी करून सही करू शकतो; त्यात मोठी दुरुस्ती निघाली तरच पुन्हा आयएची सही लागते, आणि तीही कोणत्याही आयएची चालते. विमान दुसऱ्या विमानतळावर न्यायचं तर एफएएकडून स्पेशल फ्लाइट परमिट, म्हणजे त्या उड्डाणापुरती खास परवानगी, मागता येतं.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी फसता फसता वाचलो. माझ्या १९६६ च्या सेस्ना १५० चं इंजिन काँटिनेंटल ओ-२००. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरून ठेवतो ते, ८० पैकी ५८ आलं म्हणून एका आयएने दोन सिलिंडर काढायला सांगितले. त्याचा सगळा हात लायकमिंग या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांवर बसलेला. काँटिनेंटलच्या स्वतःच्या सूचनेनुसार आधी मास्टर ओरिफिस (ठराविक मापाचं छिद्र असलेलं उपकरण) जोडून त्या दिवसाची किमान मर्यादा ठरवायची असते, आणि ती पुष्कळदा चाळिशीत येते. हे मला सांगितलं शेजारच्या हँगरमधल्या एका "नुसत्या" ए अँड पीने. त्याने बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून व्हॉल्व्हही दाखवले. दोन्ही सिलिंडर अजून जागेवर आहेत.

म्हणून आधी तुमच्याच मॉडेलवर, तुमच्याच इंजिनवर काम केलेला ए अँड पी शोधा. सेस्ना असेल तर सीट रेलची २०११-१०-०९ ही एडी (एफएएचा सक्तीचा सुरक्षा-आदेश) तो कशी तपासतो ते विचारा. रेलची भोकं झिजली की टेकऑफला सीट मागे घसरते, आणि ज्याने ही विमानं हाताळली आहेत तो मोजमापाबद्दल लगेच बोलू लागतो. पायपर कबसारख्या कापड चढवलेल्या विमानासाठी तर कापड ताणून शिवण्याचं काम केलेला माणूसच हवा. आयएच्या कार्डावरून ते कळत नाही.

आयए त्यानंतर बघा, पण दुसऱ्याने केलेल्या तपासणीवर सही करून देतो म्हणणारा अजिबात नको. अ‍ॅन्युअल त्याने स्वतः करायची असते. पॅनेल उघडायला मालकाला बरोबर घेणारा मिळाला तर त्याला सोडू नका. माझ्याकडचे आयए वर्षातून एकदा येतात, यादी देतात आणि जातात. बाकी अकरा महिने विमान त्या शेजारच्या हँगरवाल्याच्या हातात असतं.